बर्फावरची गोधडी

पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून ती निघाली तेव्हा मी आधी शिंकले आणि मग हसले. आमच्या घराण्यात भावना याच क्रमाने व्यक्त होतात.

ती म्हणजे एक गोधडी. अंथरायची नाही आणि पांघरायचीही नाही. हिला दोन खांदे आहेत, गळा आहे, मागे बांधायला नाड्या आहेत, आणि पोटावर बशीएवढा तपकिरी डाग आहे. माझी लेक ईरा खोक्यावर बसून मोबाइल बघत होती. तिने मान वर केली.

"मम्मा, व्हॉट इज दॅट? बुलेटप्रूफ व्हेस्ट?"

"तुझ्या आईचं चिलखत आहे ते," माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली. डबे पुसताना तिचे कान कायम बैठकीच्या खोलीत असतात. "टाकू नकोस गं ते!"

"मी कुठे टाकतेय?"

"तू नाही, हे टाकतील."

हे म्हणजे बाबा. बाबा सकाळपासून एकच काम करत होते. कुठलीही वस्तू दिसली की ती हातात तोलून "हे कशाला न्यायचं?" असं विचारायचं. त्यांचा व्हिसा कॅन्सल झालेला, इचलकरंजीच्या फ्लॅटला रंग देऊन झालेला, आणि शारजाच्या रोल्लामधल्या या दोन खोल्यांतला सगळा संसार कार्गोवाल्या शाजीच्या खोक्यांत मावायचा होता. मी माझ्या घरून, रुवैसहून, मदतीला आले होते. मदत म्हणजे पेट्या उघडायच्या, आतली वस्तू नाकाला लावायची आणि काहीही न आवरता बसून राहायचं. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

मी गोधडी नाकाला लावली. वरवर डांबराच्या गोळ्या. त्याखाली डेटॉल. त्याखाली गवती चहा, किंवा मला तसं वाटलं. आणि सगळ्यांत तळाशी बर्फ. बर्फाला वास नसतो असं म्हणतात. एका आख्ख्या मोसमात मी त्यावर इतक्या वेळा पालथी पडले आहे की या विषयावर माझं ऐकावं. त्याला ओल्या पत्र्यासारखा, थोडा रबरासारखा, आणि कुठूनतरी लांबून येणाऱ्या शिळ्या पॉपकॉर्नसारखा वास असतो.

*

नव्वदचं दशक संपत आलं होतं. याच दोन खोल्यांत मी वीस वर्षांची होते.

या घराच्या खिडक्या उघडत नसत. म्हणजे उघडता येत होत्या, पण एप्रिलमध्ये उन्हासाठी बंद केल्या की नोव्हेंबरपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. काचांवर आतून चंदेरी कागद चिकटवलेला. त्यामुळे दुपारी घरात उजेड यायचा तो डब्याच्या आत येतो तसा. एसी भिंतीत बसवलेला, आणि तो एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखा दिवसभर घसा खाकरायचा. खालून मलबारी हॉटेलातल्या परोट्याचा वास, मधूनच अजान, मधूनच कॅसेटच्या दुकानातलं अर्धं गाणं. पूर्ण गाणं कधी वर यायचं नाही. कोणीतरी दुकानाचं दार बंद करायचं.

आईचं बाहेर जाणं म्हणजे "खाली जाऊन येते." खाली म्हणजे भाजीवाला आणि पीठवाला. दोन्ही दुकानं एकाच बिल्डिंगच्या सावलीत होती. त्यामुळे आई वर्षानुवर्षं शारजात राहूनही सावलीच्या बाहेर गेली नव्हती असं म्हणायला हरकत नाही. ती गाऊन घालायची. तिच्या साड्या पलंगाखालच्या या पेटीत असायच्या. माहेरी मागांचा कारखाना, तिथून लग्नात आलेल्या सुती साड्या. पिकल्या लिंबाचा रंग, वांग्याचा रंग, एक मोरपिशी.

वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या एखाद्या कोरड्या दिवशी, ती पेटी ओढून काढायची आणि साड्यांना ऊन दाखवायची. जुन्या घडीवर कापड कुजतं म्हणून प्रत्येक साडी उलगडायची, बाल्कनीत तासभर टाकायची आणि नव्या घडीने परत ठेवायची. मी विचारायचे, "आई, नेसत का नाहीस?"

"नेसून कुठे जाऊ? पीठ आणायला?" मग साडीवरून हात फिरवत म्हणायची, "आलीस ना गं फिरून बाल्कनीपर्यंत? चल, बैस आता आत."

हे ती साडीशी बोलायची. मला बरेच दिवस वाटायचं, माझ्याशी बोलतेय.

बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत माणसांच्या व्हिशांची कामं बघायचे. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे आणि ती तिजोरी बाबांच्या टेबलामागे होती. त्यात बाबांचाही पासपोर्ट. गाडीचं लायसन्स काढायचं, फोन घ्यायचा, गावी जायचं, प्रत्येक गोष्टीला मालकाची 'हरकत नाही' अशी चिठ्ठी लागायची. एनओसी. बाबांनी त्या देशात अन्न, पाणी आणि एनओसी यांवरच दिवस काढले. संध्याकाळी येऊन बूट काढताना म्हणायचे, "आज मिळाली," किंवा "आज नाही मिळाली." कशाची ते आम्ही विचारायचो नाही.

आणि मी. मी पडद्यांच्या बसमध्ये बसून दुबईच्या मुलींच्या कॉलेजात जायचे. शारजाहून दुबई म्हणजे खरं तर हाकेच्या अंतरावर, पण गाड्यांच्या रांगेत बस अशी अडकायची की पुढच्या गाडीच्या काचेवर काय लिहिलंय ते मला पाठ व्हायचं. पडदे ओढलेले असायचे. ते उघडायला बंदी नव्हती, पण कोणी उघडत नसे. कॉलेजला फाटक होतं, फाटकाला चौकीदार होता, चौकीदाराला शिटी होती. घर, बस, फाटक, बस, घर.

आता, वाळवंटातल्या मुलींच्या कॉलेजला आइस हॉकीची टीम कशाला हवी होती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायला तिथलं कोणी ओळखीचं उरलं नाही. कॅनडाहून आलेल्या डोना मिस आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. एका सकाळी त्या फळ्यावर व्याकरणाऐवजी बर्फाचं मैदान काढत उभ्या होत्या. दर सोमवारी दुबईतल्याच ऊद मेथाच्या बर्फाच्या रिंकवर जायचं, कोण येणार? मी हात वर केला. मला खेळायचं नव्हतं. सोमवारी बस वेगळ्या रस्त्याने जाणार होती, एवढंच.

*

त्या रिंकचं दार लोटलं की पहिल्यांदा चष्म्यावर धुकं जमायचं. बाहेर अंगाला चिकटणारी हवा आणि आत एकदम फ्रीजचं दार उघडल्यासारखं. मग पायाखाली काळ्या रबराच्या चटया. मग तो वास. ट्रॅक्टरसारखं एक यंत्र बर्फावर गोल गोल फिरून पाणी सांडत जायचं आणि त्याच्या मागे बर्फ आरशासारखा होत जायचा. आम्ही कठड्याला धरून ते बघायचो. मला अजूनही कोणी विचारलं की जगातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती, तर लोकांना बरं वाटावं म्हणून मी ताजमहाल म्हणते, पण मनात ते यंत्र असतं.

मग बूट बांधून आम्ही बर्फावर जायचो आणि सौंदर्य संपायचं.

कॅप्टन होती हाला, लेबनॉनची. आवाज मोठा, केस मोठे, मन त्याहून मोठं. ती एकटीच खरी स्केट करायची. बाकीच्या आम्ही कठड्याच्या मदतीने प्रवास करायचो. मला तर कठडाही पुरत नसे. पहिल्या सोमवारी मी जेवढी उभी होते त्यापेक्षा जास्त आडवी होते. डोना मिसनी ते बराच वेळ पाहिलं आणि मला जाळ्यासमोर नेऊन उभं केलं.

"गोली," त्या म्हणाल्या. गोलकीपर. "यू डोन्ट हॅव टू गो एनीव्हेअर. जस्ट स्टे हिअर अँड डोन्ट लेट एनीथिंग पास."

कुठे जायचं नाही. इथेच राहायचं. मला वाटलं, अरे, हे तर मला जन्मापासून येतं!

गोलकीपरचं सामान पुरुषांच्या क्लबाकडून उसनं आणलेलं. पायांना गाद्यांसारखे पॅड, हातात मोठे मोजे, आणि तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा. त्या जाळीतून जग चौकोनाचौकोनांत दिसायचं. सुरुवातीला जीव गुदमरला, मग सवय झाली, आणि मग तर मुखवटा काढला की उघडं वाटायला लागलं. माझ्याच श्वासाचा आवाज मला ऐकू यायचा. समोरून काळी रबराची चकती यायची, तिला पक म्हणतात. पेल्याच्या बुडाएवढी असते आणि दगडासारखी लागते.

फक्त छातीवर बांधायचं कवच नव्हतं. ते आधीचा मालक देश सोडताना घेऊन गेला होता. नवं येणार होतं, बोटीने, इन्शाल्ला.

पहिल्या मॅचहून मी घरी आले तेव्हा खांद्याखाली चकतीएवढा निळा-जांभळा वण होता. आईने केस विंचरताना तो पाहिला. बोट ठेवून बघितलं फक्त, वांगं कोवळं आहे का बघतात तसं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पलंगाखालची पेटी बाहेर आलेली, आणि आई जमिनीवर पाय पसरून कात्री घेऊन बसलेली.

"आई! ही लिंबाच्या रंगाची! ही तर एकदाही नेसलेली नाहीस तू!"

"म्हणून तर दमदार आहे कापड. विरलेल्या साडीने काय अडणार आहे?"

गोधडी जुन्या कपड्यांची करतात, वापरून मऊ झालेल्या, फाटत आलेल्या. तिने कोऱ्या साड्यांची केली. थरावर थर, मध्ये गाभा, वरून अस्तर, आणि कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा. दुपारभर सुई कापडातून जाण्याचा तो बारीक आवाज आणि एसीचं खाकरणं. मी समोर अभ्यासाला बसायचे आणि टाके बघत राहायचे. शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी तिने हळद लावलेले चार तांदूळ आत टाकले.

"हे कशाला?"

"गोधडीला उपाशी ठेवायचं नसतं. पोट भरलेलं असलं की मग ती माणसाला नीट सांभाळते."

नाड्या मागे होत्या. म्हणजे ती मला एकटीला घालताही येणार नव्हती आणि काढताही येणार नव्हती. मी तक्रार केली तर म्हणाली, "बांधायला कोणी नसेल तर खेळायचं नाही." तिने मला उभं करून बांधून दाखवलं. आई कायम निरगाठ मारते. पोत्याला, डब्याच्या फडक्याला, माझ्या वेणीच्या रिबिनीलासुद्धा. त्यामुळे शाळेत असताना माझी वेणी सुटायची नाही, कापायला लागायची.

रिंकवर हालाने गोधडी पाहिली आणि लांबूनच ओरडली, "या अल्ला! इज दॅट अ मॅट्रेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण माझ्याच अंगावर होती ती, आणि खरंच गादीसारखी दिसत होती. मग हालाने सराव म्हणून एक पक जोरात मारला. तो माझ्या पोटावर आला, धप्प असा आवाज झाला, आणि पक खाली पडला. नुसता पडला. उडाला नाही, परतला नाही. दमून पडतात तसा माझ्या पायाशी पडून राहिला.

खरं कवच कडक असतं. त्यावरून पक उसळतो आणि समोरच्याच्या काठीवर जातो. आईच्या साड्यांवरून काहीच उसळत नव्हतं. जे येईल ते पोटात घ्यायचं आणि तिथेच संपवायचं, हे त्या कापडाला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

"हबीबती," हाला जवळ येऊन गोधडी चाचपत म्हणाली, "आय वॉन्ट टू मीट युअर मदर."

*

यापुढे आम्ही जिंकत गेलो असं लिहायचा मोह होतोय. आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. आमच्याशी खेळायला कोण येणार? परदेशी शाळांमधल्या शिक्षिका, हॉस्पिटलमधल्या नर्सा, कुठल्याशा थंड देशांत जन्मल्यापासून बर्फावर चालणाऱ्या बायका. त्या आमच्याकडे प्रेमाने बघायच्या आणि गोल मारायच्या. आमच्या बाजूने कोणी गोल मारत नसे. माझ्या जाळ्यात जाणारे गोल मात्र कमी कमी होत गेले. आठ, मग सहा, मग चार. डोना मिस याला प्रगती म्हणायच्या. घरी मी आकडे सांगायचे आणि आई म्हणायची, "बघ, गोधडी मुरतेय."

मुरत होतीच. घामाने. सोमवारी घरी आणली की आई ती बाल्कनीच्या कठड्यावर टाकायची आणि शेजारची मल्याळी चेची नाकाला पदर लावून आपली दोरी दुसऱ्या टोकाला सरकवायची.

मोसमातली शेवटची मॅच अबू धाबीत होती. तिथल्या रिंकवर, तिथल्या बायकांशी. त्यानंतर परीक्षा आणि परीक्षेनंतर माझं लग्न. स्थळ बघून झालेलं होतं, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर, चांगला मुलगा. तो खरंच चांगला निघाला, आजही आहे. पण तेव्हा मला एवढंच माहीत होतं की रुवैसच्या वसाहतीलाही फाटक आहे. या फाटकातून निघून त्या फाटकात शिरण्याच्या मध्ये मला एक दिवस हवा होता. एक लांबचा रस्ता, टीमबरोबर. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

कॉलेजचा नियम असा की दुबईबाहेर मुलीला न्यायचं तर वडिलांची एनओसी.

मी जेवताना विषय काढला. बाबांनी वरणभात कालवला, एक घास घेतला, आणि म्हणाले, "बघू. इन्शाल्ला."

आमच्या घरी इन्शाल्ला म्हणजे नाही. सायकल इन्शाल्ला आली नाही. पियानोचा क्लास इन्शाल्ला झाला नाही. मी ताटाकडे बघत राहिले. मला रडायचंही नव्हतं. जाळीच्या मुखवट्याची इतकी सवय झाली होती की चेहऱ्यावर काही दाखवायचं मी विसरलेच होते.

आईने बाबांना भात वाढला. वाढता वाढता म्हणाली, "अहो, मी जाते तिच्याबरोबर."

"तू? कुठे?"

"अबू धाबीला."

"तिथे काय आहे तुझं?"

"माझ्या साड्या चालल्यात," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत कुठे गेल्या नाहीत बिचाऱ्या. आता निघाल्यात तर मी घरात बसून काय करू?"

बाबा घास हातात धरून थांबले. एसी खाकरला. खाली कोणीतरी कॅसेटच्या दुकानाचं दार उघडलं आणि गाणं वर आलं.

"चटणी दे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते टायपिंग सेंटरमध्ये गेले. आयुष्यभर एनओसी मागितलेल्या माणसाला ती द्यायची संधी पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ती अरबीत आणि इंग्रजीत अशी दोन्हीकडून टाइप करून घेतली, दोनदा बदलून घेतली, आणि खाली सही अशी केली की मालकाची झाक मारेल. मग मला वाचून दाखवली. माझी कन्या आणि तिची आई या दोघींनी अबू धाबीस जाण्यास माझी काहीही हरकत नाही.

"दोघींनी?" आई म्हणाली. "माझी कोणी मागितलीय?"

"असू दे गं. कागद पक्का असावा."

आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ कुकरची शिटी साफ करत बसली.

*

बसमध्ये आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पडदा उघडला. तोही असा की नुसता बाजूला सारला नाही, गोळा करून त्याची निरगाठ मारली. मग दुसऱ्या मुलींनीही आपापले पडदे उघडले. कात्रीतून वाचलेली मोरपिशी साडी नेसून, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन आई वाळूकडे बघत होती. विजेचे खांब, कुंपण, कुंपणापलीकडे उंट. तिने बोट दाखवलं नाही. मध्येच फक्त विचारलं, "अजून लांब आहे ना?"

"हो, बरंच आहे."

"हां."

पोचलो तेव्हा म्हणाली, "एवढ्यात आलं?"

कपडे बदलायच्या खोलीत तिने पिशवीतून गोधडी काढली आणि मला काहीतरी चुकल्याचं जाणवलं. तिला घामाचा वास येत नव्हता. डेटॉलचा येत होता.

"आई, धुतलीस?"

"मग? परक्या गावात, परक्या लोकांत, तशी घाण घेऊन जायचं? काल टबात भिजवून चांगली तुडवली. कसली घाण निघाली, बाई!"

"पण वाळली का?"

"वरून तर वाळलीय."

शारजात कपडे वाळायला अर्धा तास पुरतो म्हणून आपण सगळे गाफील राहतो. पण ती फेब्रुवारीतली धुक्याची सकाळ होती, आणि थरावर थर घातलेला तो गाभा आतून ओलागच्च होता. आईने ती माझ्यावर चढवली तेव्हा छातीवर एखादं ओलं म्हातारं माणूस चढून बसल्यासारखं वाटलं. तिने मागे जाऊन नाड्या आवळल्या. निरगाठ. मग एक निरगाठ त्यावर.

"आता तू आणि ती," ती म्हणाली आणि प्रेक्षकांत जाऊन बसली. प्रेक्षक म्हणजे ती, थर्मास, आणि समोरच्या टीमचे काही नवरे.

त्या मॅचमध्ये आम्ही गोल मारला. हालाने मारला, किंवा हालाच्या बुटाला लागून गेला, पण गेला. मोसमातला आमचा पहिला. आमच्या मुली अशा ओरडल्या की पंचांनी कानावर हात ठेवले. आणि मग उरलेला सगळा वेळ त्या अबू धाबीच्या बायका माझ्याकडे आल्या. लाटेसारख्या, पुन्हा पुन्हा. धप्प. धप्प. धप्प. गोधडी सगळं पोटात घेत होती. पाणी ठिबकत होतं, मी गारठून निळी पडले होते, पण एकही आत गेला नाही.

मॅच संपत आली होती. त्यांची एक उंच बाई एकटीच सुटून आली. मी दुसरा काही विचार केला नाही. मी पालथी पडले. पक माझ्या पोटाखाली, मी त्याच्यावर. शिटी वाजली. सगळं थांबलं.

मग मला उठता येईना.

आधी वाटलं, वजन. हात टेकून जोर लावला. हललेसुद्धा नाही. गोधडी बर्फाला धरली होती. ओलं कापड आणि बर्फ, एकमेकांना भेटल्यावर जसं काही आता सोडायचंच नाही. पंच वाकून म्हणाले, "मिस, प्लीज गेट अप." मी म्हणाले, "आय अ‍ॅम ट्राइंग." हाला आली. तिने माझे पाय ओढले, पाय लांब झाले. डोना मिस आल्या. त्या आणि हाला खांदे धरून ओढायला लागल्या. कुठूनतरी टर्र असा आवाज आला.

"अगं, फाडू नका!" प्रेक्षकांतून आई ओरडली. "टाके आहेत! टाके आहेत!"

"हिच्या नाड्या सोडा," असं डोना मिस म्हणत असाव्यात, कारण हालाची बोटं माझ्या पाठीवर फिरली आणि थांबली. "व्हॉट काइंड ऑफ नॉट इज धिस?"

मी मुखवटा बर्फाला टेकून पडले होते. जाळीतून मला कठड्याचं छोटं दार दिसत होतं. ते उघडलं. त्यातून आधी मोरपिशी निऱ्या आल्या, मग चपला. माझी आई, जी खाली भाजी आणायला जाताना लिफ्टमध्येही भिंतीला धरून उभी राहायची, ती चपला घालून बर्फावर आली. हळू, पाय न उचलता, सरकत सरकत. हातात थर्मास. पंच म्हणाले, "मॅडम, यू कॅनॉट." आई त्यांच्याकडे न बघता त्यांच्या बाहीला धरून पुढे आली.

"सरका गं पोरींनो," ती मराठीत म्हणाली, आणि सगळ्या सरकल्या. ती माझ्याजवळ बसली. थर्मासचं झाकण उघडलं. गवती चहाचा वास त्या रिंकमध्ये पसरला तो मला अजून येतो. "फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे नाही का धरून बसत? ओढला की मोडतो. कोमट करायचं असतं." आणि तिने माझ्या भोवती, कडेकडेने, धावदोऱ्याच्या चालीने, चहा ओतायला सुरुवात केली.

"भाजतंय का?"

"नाही."

"घाबरलीस?"

मी घाबरले नव्हते. तिला सांगणार होते, की मला उठायची घाई नाही. सगळ्या दिव्यांखाली, त्या पांढऱ्या मैदानावर, मोरपिशी साडीतली आई आणि मी. तिच्या निऱ्या भिजत होत्या आणि ती इकडेतिकडे बघत होती. वर छताकडे, लांबच्या टोकाकडे, दिव्यांकडे.

"केवढं मोठं आहे गं हे," ती म्हणाली.

मग चहा आत मुरला, बर्फाने गोधडी सोडली, आणि मी सुटले. नवऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे दोन मिनिटांत आम्ही एक गोल खाल्ला. बरोबरी. मोसमातली आमची न हरलेली ती एकच मॅच. बाबा ही गोष्ट लोकांना सांगतात तेव्हा आम्ही जिंकतो, आणि थर्मास घेऊन आईबरोबर बर्फावर तेही असतात. मी हरकत घेत नाही.

*

"सो दॅट्स टी?" ईराने डागावर बोट ठेवलं.

"हो."

"अँड यू जस्ट गॉट मॅरिड आफ्टर दॅट? डिड यू एव्हर प्ले अगेन?"

"नाही गं. रुवैसला कुठला बर्फ?"

तिने मोबाइल खिशात ठेवला. आजकालच्या मुलांमध्ये हे मिठी मारण्यासारखं आहे.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. प्रवासाची साडी नेसून तयार. तिने गोधडी माझ्या हातातून घेतली, कोपरा दोन बोटांत चुरला. "तांदूळ आहेत अजून." मग ती अंगावर धरली. "बांध बघू मला एकदा."

"आई, शाजी खाली थांबलाय."

"बांध म्हणते ना."

मी तिच्या मागे गेले. तिचं डोकं आता माझ्या हनुवटीपर्यंतच येतं. मी नाड्या ओढल्या आणि पटकन सुटेल अशी सुरगाठ मारायला लागले.

"सुरगाठ नको. निरगाठ मार."

मी निरगाठ मारली. ती दाराशी गेली. बाहेरच्या दाराशी. चौकटीत उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून, गुडघे थोडे वाकवले, दोन्ही हात बाजूला. मी कशी उभी राहायचे ते तिला बरोब्बर आठवत होतं. तिच्यामागे जिन्याच्या तोंडाशी बाबा हातात पासपोर्ट घेऊन उभे होते. कितीतरी वर्षांनी तो त्यांच्या स्वतःच्या खिशात राहत होता, आणि ते तो दर दोन मिनिटांनी काढून बघत होते. लिफ्टपाशी शाजी दार अडवून उभा.

"माताजी, यल्ला! नीचे गाडीवाला चिल्ला रहा है. ये आखरी बक्सा है ना?"

"अगं, चल," बाबा म्हणाले. "हे काय? बाजूला हो, खोकं जाऊ दे."

आई हलली नाही. ज्या घराच्या न उघडणाऱ्या खिडक्यांना तिने एवढी वर्षं नावं ठेवली, त्या घराच्या दारात ती गोल अडवून उभी होती. ईरा आणि मी आत, खोकं आत, बाबा आणि शाजी बाहेर, आणि ती मध्ये. ईरा हसायला लागली आणि मग थांबली.

एसी बंद केलेला होता. त्यामुळे कॅसेटच्या दुकानाच्या जागी आता जे मोबाइलचं दुकान आहे, त्यातलं गाणं सरळ वर येत होतं. या वेळी कोणी दार बंद केलं नाही. ते पूर्ण वाजलं.

मग आईने हात खाली घेतले. "सोड आता," ती म्हणाली आणि पाठ माझ्याकडे केली.

मी तिच्यामागे गुडघ्यावर बसले. निरगाठ नखांनी सुटत नाही. आधी एक पदर सैल करावा लागतो, कुठला ते एकदा कळलं की मग ती आपोआप ढिली होते.

"हळू सोड," आई म्हणाली. "मला घाई नाही."

कुठला पदर ते मला माहीत होतं. मी दुसऱ्याच पदरापासून सुरुवात केली.